एकही गोळी चुकवली नाही

वाफवाल्याने आयुष्यात दोन गोष्टी कधी चुकवल्या नाहीत. एक, बॉयलरच्या काचेतलं पाणी बघणं. दुसरी, बायकोची साखरेची गोळी.

वाफवाला हे त्याचं कामावरचं नाव. एका मोठ्या लॉन्ड्रीत तो बत्तीस वर्षं बॉयलर सांभाळत होता. हॉटेलांच्या चादरी, दवाखान्यांचे अभ्रे, कंपन्यांचे गणवेश, सगळं त्याच्या वाफेवर धुऊन, वाळून, इस्त्री होऊन बाहेर पडायचं. बॉयलरच्या अंगाला एक उभी काचेची नळी असते. आत पाणी किती आहे ते तिच्यात दिसतं. दर तासाला त्या काचेकडे बघायचं आणि भिंतीवरच्या तक्त्यात बरोबरची खूण करायची, हे त्याचं काम. नवा माणूस लागला की वाफवाला पहिल्याच दिवशी त्याला काचेसमोर उभा करायचा आणि म्हणायचा, "काचेत पाणी दिसेनासं झालं तर काय करशील?"

बहुतेक जण म्हणायचे, "पाणी सोडीन."

"मरशील. आणि आम्हाला घेऊन मरशील. कोरड्या तापलेल्या पत्र्यावर पाणी पडलं की बॉयलर फुटतो. आधी आग बंद. पंप नाही, साहेब नाही, देव नाही. आधी आग बंद करायची, मग काय रडायचंय ते रडायचं."

बायकोला साखर निघाली त्याला चौदा वर्षं झाली होती. डॉक्टरीणबाईंनी मेटफॉर्मिनच्या गोळ्या दिल्या. पांढऱ्या, लांबट. सकाळच्या जेवणानंतर एक, संध्याकाळच्या जेवणानंतर एक. बायको विसरभोळी आणि वर निष्काळजी. पहिल्याच आठवड्यात चार गोळ्या चुकल्या. मग वाफवाल्याने पत्रा कापून, डाग देऊन सात खणांचा डबा केला. प्रत्येक खणात मधोमध आडवी पट्टी, सकाळची वेगळी, संध्याकाळची वेगळी. स्वयंपाकघराच्या दाराला लॉन्ड्रीतल्यासारखाच तक्ता लावला आणि दोरीने पेन्सिल बांधली.

"माझा बॉयलर केलात की हो तुम्ही," बायको म्हणाली.

"बॉयलर बरा. तो उलटून बोलत नाही."

सुरुवातीला त्या गोळीने तिच्या पोटात ढवळायचं, तोंडाला पत्र्यासारखी चव यायची. पण तक्त्यावर खुणा मात्र व्यवस्थित पडत होत्या, त्यामुळे वाफवाला खूश होता. एक दिवस गॅलरीतल्या कोरफडीची कुंडी बदलायला म्हणून त्याने माती उकरली, तर आत गोळ्या. काही विरघळलेल्या, काही नुकत्याच पेरल्यासारख्या. त्याने त्या मोजून ताटलीत ठेवल्या आणि ताटली तिच्यापुढे आणून आदळली.

"हे काय?"

"कोरफडीला साखर झालीये," बायको म्हणाली. "पानं बघा ना किती जाड झालीत."

तो दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याला हसू आलं, पण नियम बदलला. तेव्हापासून तो स्वतः पाण्याचा पेला घेऊन समोर उभा राहायचा. "आ कर." ती गोळी गिळायची, मग पुन्हा आ करून जीभ वर उचलून दाखवायची. "घ्या, तपासा, इन्स्पेक्टर." मग तो खूण करायचा. ती कधी कुरकुरली, आज नको, उद्या घेते, की तो म्हणायचा, "मग काय, कोरफडीला घालू?" ती हसायची आणि गिळायची. चौदा वर्षं हा खेळ चालला. तिची साखर ताब्यात होती. डॉक्टरीणबाई कौतुकाने म्हणायच्या, "असा नवरा सगळ्या पेशंटना वाटून द्यायला हवा."

बायकोची धाकटी बहीण दोन गल्ल्या पलीकडे राहायची. एकटीच. खाली तिचं बटणं, चेन, धागे विकायचं दुकान आणि वर एक खोली. घरात तिला सगळे धाकटी म्हणायचे, पन्नाशी उलटली तरी. सहा वर्षांपूर्वी तिलाही साखर निघाली, तीच गोळी सुरू झाली. वाफवाल्याने तिलाही तसाच डबा करून दिला. ती म्हणायची, "भावजींनी आम्हा दोघी बहिणींना एकाच माळेत ओवलंय." पण डबा मात्र ती निष्ठेने भरायची. ताई घेते तशी आपण घ्यायची, एवढंच तिला माहीत.

दर सहा महिन्यांनी रक्त तपासून बाईंकडे जायचं असायचं. वाफवाला प्रत्येक वेळी बायकोबरोबर जायचा. एकदाच गेला नाही. त्या दिवशी लॉन्ड्रीत बॉयलरची वार्षिक तपासणी होती. बायको एकटी गेली. संध्याकाळी तो घरी आला तेव्हा ती म्हणाली, "बाई म्हणाल्या, मूत्रपिंडांचं काम जरासं मंदावलंय. गोळी चालेल म्हणाल्या, पण अंगातल्या पाण्याचं काहीतरी सांगत होत्या."

"पाणी जास्त पी म्हणाल्या असतील. तू पीत नाहीसच," वाफवाला म्हणाला आणि इन्स्पेक्टरने झडपेवरून कशी हुज्जत घातली ते सांगायला लागला. जेवण संपेपर्यंत तो तेच सांगत होता. नंतर त्याने बाईंचा कागद बघितला. गोळी तीच, वेळा त्याच. घडी घालून फाइलमध्ये ठेवला.

त्यानंतर दोन महिन्यांनी, एका मंगळवारी, बायकोला पहाटेपासून उलट्या-जुलाब सुरू झाले. काहीतरी बाधलं असेल, एक दिवसात उतरेल असं दोघांनाही वाटलं. तिने दिवसभरात दोन घास मऊ भात खाल्ला, तोही राहिला नाही. पाणी प्यायली की बाहेर. संध्याकाळी वाफवाला नेहमीप्रमाणे मंगळवारचा खण उघडून, पेला घेऊन उभा राहिला.

ती भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, "अहो, आज ही गोळी नको. बाईंनी सांगितलंय. उलट्या-जुलाब झाले, खाणंपिणं जात नसलं, तर ही थांबवायची आणि त्यांना फोन करायचा. तुमच्या बॉयलरसारखंच आहे बघा. माझं पाणी उतरलंय. आग बंद करा."

तिने ते त्याच्या भाषेत सांगितलं होतं. त्याला कळावं म्हणून. कदाचित सकाळपासून मनात जुळवून ठेवलं असेल.

आणि वाफवाला म्हणाला, "मग काय, कोरफडीला घालू?"

ती हसली. अंगात त्राण नव्हतं तरी हसली आणि आ केलं.

पंधरा मिनिटांत गोळी उलटून पडली. त्याने दुसरी दिली. तक्त्यावर मंगळवार संध्याकाळच्या चौकटीत दोन खुणा केल्या, म्हणजे कुणी विचारलं तर हिशेब लागावा. बुधवारी सकाळी एक, संध्याकाळी एक. बुधवारी तिने कुरकुर केली नाही. ती जवळजवळ बोललीच नाही. त्याला वाटलं, आराम पडतोय.

गुरुवारी सकाळी ती जोरजोरात श्वास घेत होती, जिना चढून आल्यासारखा. हात थंड. "पोट दुखतंय," म्हणाली, मग लेकीला लहानपणीच्या नावाने हाक मारायला लागली. लेक लग्न होऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला राहत होती. वाफवाल्याने तिला फोन केला आणि गाडी करून बायकोला हॉस्पिटलात नेलं.

तिथल्या तरुण डॉक्टरने रक्त पाठवलं, सलाईन लावलं आणि वाफवाल्याला बाजूला घेतलं. कुठली कुठली औषधं चालू आहेत ते विचारलं. वाफवाल्याने सगळी नावं पाठ म्हटली.

"ही मेटफॉर्मिन. उलट्या सुरू झाल्यावरही चालू होती?"

"होय साहेब," वाफवाला म्हणाला. ताठ उभं राहून म्हणाला. "एकही गोळी चुकवली नाही. उलटून पडली तर परत दिली."

डॉक्टरने पेन खाली ठेवलं.  मग खुर्ची ओढून त्याला बसवलं आणि हळू आवाजात समजावून सांगितलं. गोळी वाईट नाही, फार लोक घेतात, चांगली गोळी आहे. पण ती अंगाबाहेर टाकायचं काम मूत्रपिंडं करतात. आधीच मंदावलेली असली, आणि वर उलट्या-जुलाबांनी अंगातलं पाणी गेलं, की ती काम सोडून देतात. मग गोळी रक्तात साचत जाते आणि रक्तात आम्ल वाढतं. म्हणून मूत्रपिंडं फार कमजोर असतील तर ही द्यायचीच नाही. यकृत खराब असेल, कुणी दारू फार पीत असेल, तरी नाही. आणि असं आजारपण आलं, अंग कोरडं पडलं, तर तेवढ्यापुरती थांबवायची.

"एकट्या गोळीने झालं असं मी म्हणत नाही," डॉक्टर म्हणाला. "जंतुसंसर्गही मोठा आहे. पण तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं का, अशा वेळी थांबवायची म्हणून?"

काचेच्या दाराबाहेर लेक धावत येताना दिसत होती. तिची पर्स खांद्यावरून घसरली होती.

"नाही," वाफवाला म्हणाला.

शुक्रवारी दुपारी बायको गेली.

नंतर फाइल चाळताना त्याला तो कागद सापडला. ज्या दिवशी तो गेला नव्हता त्या दिवसाचा. वर गोळीचं नाव, वेळा. आणि तळाला बाईंच्या अक्षरात, खाली रेघ मारून: उलट्या, जुलाब, जास्त ताप असल्यास ही गोळी बंद ठेवून लगेच फोन करणे. त्याने तेव्हा फक्त वरचं वाचलं होतं. बत्तीस वर्षं काचेकडे बघणारा माणूस, पण एका कागदाच्या तळाशी काय आहे ते त्याने बघितलं नव्हतं.

त्याने कागद चौघडी करून शर्टाच्या खिशात ठेवला. शर्ट बदलला की कागद दुसऱ्या शर्टाच्या खिशात जायचा. कुणाला दाखवला नाही.

लेकीने विचारलं होतं, "मूत्रपिंडं गेली म्हणतात. बाईंना आधी कळलं नव्हतं का? त्यांनी काहीच सांगितलं नाही?"

एकदा नाही म्हणून झालं होतं. दुसऱ्यांदा ते आपोआप निघालं. "काही नाही सांगितलं."

लेकीचा राग मग डॉक्टरीणबाईंवर गेला. रागाला कुठेतरी जायचंच होतं. ओळखीच्या प्रत्येकाला तिने सांगितलं की त्या बाईंकडे जाऊ नका, माझ्या आईचं वाटोळं केलं. धाकटीलाही तिने त्यांच्याकडे जाणं बंद करायला लावलं. धाकटी म्हणाली, नवीन डॉक्टर बघू सावकाश, तोपर्यंत जुन्या कागदावर औषधाच्या दुकानातून गोळ्या आणते. वाफवाला हे ऐकत बसायचा. चहा निवून जायचा.

स्वयंपाकघराच्या दारावरचा तक्ता त्याने काढला नव्हता. मंगळवार संध्याकाळच्या चौकटीत दोन खुणा. लेकीला वाटायचं, बाबांना आईची आठवण म्हणून हवा असेल. कामावर तो पूर्वीसारखाच जायचा. फक्त नव्या माणसाला काचेसमोर उभं करायचं काम त्याने दुसऱ्याकडे दिलं.

असे सात महिने गेले.

एका रविवारी सकाळी लेकीचा फोन आला. "बाबा, मी मावशीकडे आलेय. तिचं पोट बिघडलंय शुक्रवारपासून. तुम्ही येता का? माझं ऐकत नाहीये."

वाफवाला चप्पल घालून निघाला. दोन गल्ल्या त्याने कशा ओलांडल्या ते त्याला आठवत नाही. बटणांच्या दुकानाचं शटर खाली होतं. बाजूच्या अरुंद जिन्याने तो वर गेला.

धाकटी पलंगावर आडवी होती. खाली प्लास्टिकचा टब. ओठांना भेगा पडलेल्या, डोळे आत गेलेले. उशीजवळ पत्र्याचा सात खणांचा डबा, रविवारचा खण उघडा. लेक पलंगाच्या काठावर बसली होती, एका हातात पाण्याचा पेला, दुसऱ्या हाताच्या तळव्यावर पांढरी लांबट गोळी.

"आलात, भावजी?" धाकटीने मान न उचलता म्हटलं. "तपासायला आलात ना? तपासा. एकही चुकवली नाही. काल दोनदा उलटून पडली, परत घेतली. ताईची बहीण आहे मी."

वाफवाल्याने जिन्याचा कठडा सोडला नव्हता. "ती गोळी देऊ नकोस," तो लेकीला म्हणाला.

"काय?"

"ठेव ती खाली. आणि हिला हॉस्पिटलात न्यायचंय. आत्ता."

धाकटी हसली. ओठ दुखले म्हणून लगेच थांबली. "आज सूर्य पश्चिमेला उगवला काय गं? भावजी म्हणतायत गोळी नको! कोरफडीवाली गोष्ट कुणाच्या नावावर आहे या घरात?"

"थट्टा पुरे. ऊठ."

"मी नाही जायची हॉस्पिटलात. ताईला नेलंत ना? मग कुठे आहे ती?"

 खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं, ती सुरू होत नव्हती.

लेक म्हणाली, "बाबा, असं मनानेच औषध बंद करता येतं का? साखर वाढली म्हणजे? तुम्हीच आम्हाला लहानपणापासून सांगत आलात. आईच्या शेवटच्या दिवसापर्यंत तुम्ही गोळी सोडली नाहीत, आणि मावशीला म्हणताय..."

"नाही सोडली," वाफवाला म्हणाला. "तेच सांगतोय."

त्याला वाटलं होतं, हे कधी सांगावंच लागलं तर नीट बसून, शब्द जुळवून सांगू. किंवा सांगणारच नाही, आपल्याबरोबर जाईल. पण लेकीच्या तळव्यावर गोळी होती आणि तळव्याच्या घामाने ती ओली होऊन चिकटायला लागली होती. तो दारातच उभा राहून बोलला.

"तुझ्या आईला बाईंनी सांगितलं होतं. उलट्या होत असतील तर ही घ्यायची नाही. ती मला म्हणाली. मंगळवारी. मी ऐकलं नाही. मला वाटलं, चुकवायचं निमित्त आहे. मी दिली. पडली तर परत दिली. बुधवारी पण दिली." त्याने श्वास घेतला. "हॉस्पिटलातल्या डॉक्टरने विचारलं, कुणी सांगितलं होतं का. मी नाही म्हटलं. तुला पण नाही म्हटलं. बाईंची काही चूक नाही."

त्याने खिशातून कागद काढला. सात महिने घामाने, काढण्या-ठेवण्याने घड्यांवर फाटायला आला होता. लेकीने पेला खाली ठेवला, गोळी डब्याच्या झाकणावर ठेवली आणि कागद घेतला. वरपासून वाचला. तळाशी आल्यावर तिथेच थांबली.

धाकटी उठून बसायला बघत होती. "काय लिहिलंय? मला सांगा तरी."

"गाडी बोलावते मी," लेक म्हणाली. आवाज अगदी सरळ होता. "मावशी, शाल घे. आणि पायात काहीतरी घाल."

"अगं पण..."

"मावशी. ऊठ."

धाकटी मुकाट्याने उठली. जिना उतरताना तिचा पाय लटपटला तेव्हा वाफवाल्याने हात पुढे केला. तिने तो धरला. एवढंच. त्याच्याकडे बघितलं नाही.

हॉस्पिटल तेच होतं, डॉक्टर दुसरी. तिने सगळं विचारून घेतलं, गोळी कधीपर्यंत घेतली, किती वेळा उलटली. रक्ताचे आकडे दुपारपर्यंत आले. मूत्रपिंडांवर ताण आला होता, पण रक्तातलं आम्ल फार वाढलं नव्हतं. "सलाईनने भरून निघेल असं वाटतंय," ती म्हणाली. "दोन दिवस ठेवू. बरं झालं आज आणलंत. ही गोळी आता आम्ही सांगेपर्यंत बंद. आणि आम्ही सुरू करा म्हटलं की सुरू करायची, घाबरून कायमची सोडायची नाही. साखरेकडे आम्ही बघतो."

"तुम्ही सांगाल तसं," वाफवाला म्हणाला.

मग तो बाहेरच्या बाकावर जाऊन बसला. लांब निळा बाक, भिंतीला बोल्टने घट्ट केलेला. लेक दुसऱ्या टोकाला बसली. मध्ये तीन माणसं बसतील एवढी जागा होती. एक नर्स औषधांची ट्रॉली ढकलत गेली. समोरच्या भिंतीवर हात कसे धुवायचे त्याची चित्रं होती. वाफवाल्याने ती सगळी चित्रं तीनदा बघितली.

"मला आत्ता तुमच्याशी बोलायचं नाहीये," लेक म्हणाली.

"बरं."

"सात महिने मी त्या बाईंना शिव्या घातल्या. दुकानात, फोनवर. त्यांच्या घरासमोरून जाताना तोंड फिरवून घेतलं. त्या एकदा माझ्याशी बोलायला पुढे आल्या होत्या, मी रस्ता ओलांडला. आणि मावशीला मी तिथून तोडलं. तिला आज काही झालं असतं तर?"

वाफवाल्याने शर्टाच्या रिकाम्या खिशावर हात ठेवला. 

"उद्या बाईंकडे जायचं," ती म्हणाली. "मी येईन बरोबर. बोलायचं तुम्ही."

"जातो."

"आणि दारावरचा तो तक्ता काढा. मला वाटायचं तुम्ही आईसाठी ठेवलाय."

"तिच्यासाठीच ठेवलाय," तो म्हणाला. "मला काढता येत नाही."

बराच वेळ गेला. आत धाकटी झोपली होती, सलाईन थेंब थेंब उतरत होतं. त्या बाटलीकडे बघायची त्याला सवयच लागली होती दुपारपासून, पाणी किती उरलंय ते. दोनदा त्यानेच नर्सला जाऊन सांगितलं, बाटली संपत आलीये. तिसऱ्यांदा तो परत आला तेव्हा लेक बाकावर थोडी सरकून बसली होती. मध्ये एका माणसाची जागा उरली होती. की पर्स ठेवायला सरकली होती, कोण जाणे.

"ती वाचली असती का?" लेकीने विचारलं. "गोळी थांबवली असती तर?"

"डॉक्टरने सांगितलं, नक्की म्हणता येत नाही. आजारही मोठा होता. कदाचित."

"कदाचित," लेक म्हणाली.

"रोज हेच एक घेऊन उठतो मी."

लेकीने पर्स मांडीवर घेतली. मग वेगळ्याच आवाजात, लहानपणी गोष्ट ऐकायला बसायची तशा आवाजात म्हणाली, "आई काय म्हणाली तुम्हाला? मंगळवारी. नेमकं काय म्हणाली ते सांगा."

"मघाशी सांगितलं ना."

"तसं नाही. तिने सांगितलं तसं. तिचे शब्द. मी गुरुवारी पोचले तेव्हा ती मला ओळखतही नव्हती, बाबा. नीट बोललेलं तिचं शेवटचं जे काही आहे ते तुमच्याकडेच आहे. ते तुम्ही सात महिने खिशात घालून फिरताय."

 बॉयलरच्या आवाजात बत्तीस वर्षं काढलेल्या माणसाचा आवाज मोठाच असतो, पण आता तो जेमतेम निघाला. "म्हणाली, अहो, आज ही गोळी नको. बाईंनी सांगितलंय. थांबवायची आणि त्यांना फोन करायचा. तुमच्या बॉयलरसारखंच आहे बघा, म्हणाली. माझं पाणी उतरलंय. आग बंद करा."

लेकीने तोंडावर हात ठेवला. काही वेळाने तो काढला. "परत सांगा."

त्याने परत सांगितलं. शब्दाला शब्द.

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

तेही त्याने सांगितलं. कोरफडीचं. 

"आणि आई?"

"हसली."

"हसली? त्या अवस्थेत?"

"हसली. मग तिने आ केलं."

लेक आता रडत होती. आवाज नव्हता, नुसतं पाणी वाहत होतं, आणि ती ते पुसतही नव्हती. समोरून जाणाऱ्या एका बाईने थांबून बघितलं आणि पुढे गेली.

"कशी हसली?" लेकीने विचारलं. "करून दाखवा ना, बाबा. कशी हसली ती?"

वाफवाल्याने तोंड उघडलं. त्याला ते हसू माहीत होतं, चौदा वर्षं रोज दोनदा बघितलेलं. आधी नाकातून हवा जायची, मग खांदे हलायचे, मग शेवटी आवाज. त्याने एकदा करून बघितलं, पुन्हा करून बघितलं.

ते काही त्याला जमलं नाही.